काकांचा मेल पुन्हा बंद

मी दुरुस्त केलेलं मशीन परत बिघडत नाही. हे माझं मीच सांगते, कारण दुसरं कोणी सांगायच्या फंदात पडत नाही. लोकांना बिघडलं तेवढंच आठवतं. कोपऱ्यावर माझं दुकान आहे. कॉम्प्युटर, प्रिंटर, वायफाय, सगळं बघते. आजूबाजूच्या इमारतींत मला ‘कॉम्प्युटरवाली’ म्हणतात, आणि त्या नावाला मी जपते. त्यामुळे समोरच्या इमारतीतल्या काकांचा मेल सारखा बंद पडायला लागला, तेव्हा काकांपेक्षा जास्त राग मला आला.

काका एका कारखान्याच्या खरेदी विभागातून निवृत्त झालेले. मेलचा जो प्रोग्रॅम ऑफिसात वापरला तोच घरच्या मशीनवर. मोबाइलवर मेल बघा म्हटलं तर खिशातून बटणांचा फोन काढून दाखवतात आणि म्हणतात, “टपाल टेबलावर यायला पाहिजे. खिशात आलेलं टपाल कोण वाचतं?” आता यांच्याशी कोण वाद घालणार.

पहिल्यांदा गेले तेव्हा बिघाड खरा होता. मेल कंपनीने काही नियम बदलले होते, प्रोग्रॅम जुन्याच पद्धतीने दार ठोठावत होता. मी खटपट करत होते आणि काका शेजारी खुर्ची ओढून बसले होते. मी काही विचारलं नव्हतं, त्यांनीच सांगितलं.

“धाकट्या भावाला मेल पाठवलाय. त्याचं उत्तर यायचंय.”

“येईल की,” मी म्हटलं.

“आई गेली तेव्हा तो दोन दिवस आला होता. मी सगळ्यांसमोर म्हणालो, पाहुण्यासारखा आलास, आता पाहुण्यासारखा जा. तो गेला. मग आलाच नाही.” चष्मा काढून त्यांनी शर्टाला पुसला. “आता माफी मागितली आहे. तेवढं लिहायला मला पंधरवडा लागला. म्हणून म्हणतो, हे चालू राहिलं पाहिजे.”

पत्ता भाचीकडून मिळवला होता. भाचीने फोन नंबरही दिला असता, पण यांनीच घेतला नाही. फोन केला आणि त्याने आवाज ऐकून ठेवून दिला तर काय करायचं, असं त्यांचं म्हणणं. मेलचं बरं असतं, म्हणाले, कोणी ठेवून देत नाही.

मला काम करताना बोलायची सवय आहे. हात चालला की तोंड चालतं. “हे बघा काका, इथे ऑफलाइनवर टिक पडली की संपलं. प्रोग्रॅम घराबाहेर पाऊलच टाकत नाही.” काका खिडकीबाहेर बघत होते. पालथ्या घड्यावर पाणी. मागे काकू चहाचा कप घेऊन उभ्या होत्या, त्या तेवढ्या “हं” म्हणाल्या. मी मेल चालू करून दिला. चपलांच्या सेलची जाहिरात आली, विजेचं बिल आलं. भावाचं काही नव्हतं.

थोड्याच दिवसांत फोन. “सर्व्हरशी संपर्क होऊ शकला नाही, असं म्हणतंय.” जाऊन बघते तर ऑफलाइनवर टिक. म्हटलं, चुकून हात लागला असेल. टिक काढली, आणि निघता निघता पासवर्ड कुठे साठवलेला असतो तेही दाखवलं. त्यातलं एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी आत घेत नाही, असं बजावून सांगितलं.

पुढच्या वेळी पासवर्ड चुकलेला निघाला. हा मीच टाकला होता, आणि मी पासवर्ड चुकत नाही. तरी मुकाट्याने पुन्हा टाकला. सर्व्हरचं नाव तपासलं आणि सवयीने सांगितलं, “यातलं एक टिंब गेलं तरी पत्ता चुकतो.” त्या खेपेला काका माझ्यावर घसरलेच.

“अगं, तू दुरुस्त करतेस की बिघडवतेस?”

“काका, तुमचा राउटर बघावा लागेल.”

राउटर बघितला. वायर बदलली. अँटीव्हायरस बंद करून बघितला, तो बिचारा निरपराध निघाला. मेल कंपनीला फोन लावला, त्यांचं ते पिपाणीसारखं संगीत ऐकत बसले आणि मग जो मुलगा फोनवर आला त्याला झापलं. तो शांतपणे म्हणाला, “मॅडम, आमच्याकडून सगळं व्यवस्थित आहे.” त्याचं खरं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती, पण चोर कोण ते मला कुठे ठाऊक होतं.

चौथ्यांदा सर्व्हरच्या नावातलं टिंब गायब. आता मात्र मी घाबरले. हा काहीतरी नवीन व्हायरस आहे, असं वाटून अख्खं मशीन धुंडाळलं. काही मिळालं नाही. टिंब घातलं, आणि काका वैतागून गॅलरीत जाऊन बसले होते तरी माझं चालूच, “आणि हा पोर्ट नंबर. हा म्हणजे घराचं दार. नऊशे त्र्याण्णवच पाहिजे, आकडे उलटसुलट झाले की भिंतीवर डोकं आपटा.” काकूंनी कप घेतला आणि विचारलं, “साखर कमी नव्हती ना?”

मग माझी बहीण घर बदलत होती, तिच्याकडे सामान बांधायला गेले आणि तिथेच अडकले. परत आले त्या बुधवारी सकाळी दुकानाचं शटर वर करते तोच फोन. “आठवडा झाला बंद आहे. येतेस की दुसरा कोणी बघू?”

दुसरा कोणी. हे वाक्य मला कोणी ऐकवलेलं नव्हतं. तशीच गेले.

काका खाली औषधाच्या दुकानात गेले होते. काकूंनी दार उघडलं. मी मशीनसमोर बसले, सेटिंग उघडलं. पोर्ट नंबर, नऊशे एकोणचाळीस. आकडे उलटसुलट.

मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले. ऑफलाइन सांगितलं, ऑफलाइन झालं. पासवर्ड सांगितला, पासवर्ड गेला. टिंब, मग पोर्ट. मी शिकवत गेले आणि व्हायरस धडे गिरवत गेला, तोही ओळीने, एकही धडा न गाळता. इतका आज्ञाधारक व्हायरस कोणाच्या मशीनमध्ये असतो? काका तर माझं एक अक्षर ऐकत नव्हते. ऐकणारं माणूस एकच होतं, आणि त्या माणसाच्या हातचा चहा मी प्रत्येक वेळी पीत होते. काखेत कळसा, गावाला वळसा.

मी स्वयंपाकघरात गेले. काकू ओट्यावरचं भांडं घासत होत्या.

“काकू, का?”

त्यांनी नळ बंद केला. का म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं नाही, एवढं त्यांचं मानते.

“चालू असलं की ते सकाळी उठून आधी तिथे बसतात. काही आलेलं नसतं. मग दिवसभर तोंड शिवल्यासारखं. जेवताना ताटाकडे बघत नाहीत. बंद असलं की तुझ्यावर चिडतात. तुझ्या नावाने बडबड करत दोन घास जास्त खातात.”

“म्हणजे मी तोंडी लावणं?”

“तसं म्हण हवं तर.” त्या हसल्या नाहीत. “तो उत्तर देणार नाही गं. मी ओळखते भाऊजींना. फार मानी. पण मशीन बंद असलं की यांना वाटतं, उत्तर आलंय, अडकलंय. आजचा दिवस राहू दे तसंच.”

मला राग आला होता, खूप आला होता. अख्ख्या इमारतीत माझं नाव खराब झालं होतं. आणि त्याच वेळी त्या बाईची दयाही येत होती, त्याचाही राग आला. मी म्हटलं, “मी चालू मशीन बंद म्हणून ठेवत नाही. मला ते जमत नाही.” आणि बाहेर आले.

तेवढ्यात काका औषधाची पिशवी घेऊन आले आणि काही न बोलता शेजारी बसले. मी आकडे सरळ केले, बटण दाबलं. टपाल उतरायला लागलं. चपला, बँक, परत चपला, कुठलीतरी विमा कंपनी. आणि मध्येच धाकट्या भावाचं नाव.

काकांनी चष्मा दोनदा नीट केला. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे मला कळतं. तरी वाचलं.

“दादा, तुझं पत्र मिळालं. येत्या रविवारी तुमच्या शहरावरून जातोय. दुपारची गाडी स्टेशनवर अर्धा तास थांबते. यायचं असेल तर ये. नाही आलास तर समजेन, परत विचारणार नाही. खाली नंबर दिलाय.”

“हे कधी आलं?” काकांनी विचारलं.

“गेल्या गुरुवारी.”

“रविवार तर गेला.”

“हो.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी आठवडाभर उशिरा आलेली, चार वेळा दुरुस्त करून चारही वेळा फसलेली बाई. स्वयंपाकघराच्या दारातून काकू म्हणाल्या, “तिचा दोष नाही. मी बंद करत होते.”

काका वळले. काकूंनी मला सांगितलं तेच त्यांनाही सांगितलं, फक्त दोन घासांचं वगळलं. शेवटी म्हणाल्या, “मला वाटलं, उत्तर येणारच नाही.”

काकांनी औषधाची पिशवी टेबलावर ठेवली. मला वाटलं, आता हा माणूस फुटणार. निघून जावं तर दार त्यांच्या पलीकडे होतं.

“मलाही तसंच वाटायचं,” ते म्हणाले. मग खिशातून तो बटणांचा फोन काढला आणि पडद्यावरचा नंबर एकेक आकडा बोलत दाबला. एकदा चुकलं, पुन्हा पहिल्यापासून दाबला.

त्यांना कमी ऐकू येतं म्हणून फोनचा आवाज मोठा असतो. पलीकडचं सगळं मला ऐकू आलं.

“कोण?”

“मी. दादा.”

पलीकडे काहीच नाही. ठेवला, असं मला वाटलं.

“मी फलाटावर उतरलो होतो,” आवाज आला. “गाडी हलली तेव्हा चढलो.”

काकांनी डोळे मिटले. “अरे, तुझा मेल आत्ता बघितला. मशीन बंद होतं. ती दुरुस्तीवाली आहे ना आमच्या इथली, तिला धड काही येत नाही. बिघडवूनच ठेवते. नुसती बडबड.”

मी तोंड उघडलं. काकांनी न बघताच माझ्या दिशेने हात वर केला, थांब म्हणून. मी थांबले. आयुष्यात मला इतकं खोटं कोणी ठरवलं नव्हतं आणि मी इतकी गप्प बसले नव्हते.

“मशीन बंद होतं,” भाऊ म्हणाला. हा प्रश्न होता की काय, ते कळलं नाही, पण विश्वास बसलेला नव्हता हे नक्की. मशीन बंद होतं हे तर आम्हीच गिऱ्हाइकांना सांगतो, काम झालं नसलं की.

काकू पुढे आल्या. ओले हात कपड्यांना पुसले आणि काकांच्या हातातून फोन काढून घेतला. “भाऊजी, मी बोलतेय. तिला सगळं येतं. मशीनही चांगलं आहे. तुमचं उत्तर येणार नाही असं धरून मीच ते बंद करून ठेवत होते. ते फलाटावर आले नाहीत ते माझ्यामुळे.”

फोन त्यांनी कानाशी घट्ट धरला होता, पलीकडचं आता काही ऐकू येत नव्हतं. काकू “हो” म्हणाल्या. जरा वेळाने पुन्हा “हो” म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्या पुसत नव्हत्या.

“काय म्हणतोय?” काकांनी हळूच विचारलं.

काकूंनी फोन कानापासून थोडा लांब केला.

“म्हणतायत, रविवारी येतो. दादाला म्हणावं, स्टेशनवर यायला नको, घर माहीत आहे मला.”

काका उठून आतल्या खोलीत गेले, आणि तिथल्या कोणी झोपत नसलेल्या पलंगावर साठलेले इस्त्रीचे कपडे उचलायला लागले.