दोन कपाटांतली कार्डं

सात महिन्यांच्या बाळाची बोटं सुजून टम्म झाली होती. नुसता हात लागला तरी ते किंचाळत होतं.

"तुमच्याकडूनच आलंय हे, विहीणबाई," बाळाच्या वडिलांची आई डॉक्टरीणबाईंसमोरच म्हणाली.

"आमच्यात सगळे ठणठणीत! आधी आपलं पाहा," दुसरी आजी फणकारली.

दोघींच्या मधे बाळाची आई बसली होती. कपडे शिवून घर चालवायला हातभार लावणारी, पुन्हा तिसरा महिना लागलेली. तिला एवढंच विचारायचं होतं, पोटातल्याचं काय?

"बाळाला सिकलसेल आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गोल रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात. म्हणून ही सूज. तुम्ही दोघंही वाहक आहात. वाहकाला सहसा काही होत नाही, पण दोघांकडून दोष आला की मूल आजारी. लग्नाआधी तपासणी नव्हती केली?"

"शाळेत केली होती," वायरमन नवरा म्हणाला. "तपासणीचं कार्ड आईकडे दिलं."

"माझंही आईकडेच होतं," बायको म्हणाली.

दोन्ही आज्या एकदम जमिनीकडे पाहू लागल्या.

"स्थळ मोडलं असतं," एक पुटपुटली. "ठेवलं कपाटात."

"आम्हीही तेच केलं," दुसरी म्हणाली.

आता काय म्हणावं! उंची जुळवली, शिक्षण जुळवलं, नोकरी जुळवली. पण दोन्ही घरं खरी जुळली ती फसवण्यात.

"चारात एकाला होतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मग तो एक झाला की!" सासूचा चेहरा उजळला. "पुढचे तीन सुखरूप."

"नाही हो आजी. प्रत्येक खेपेला नव्यानं चारात एक. पोटातल्या बाळाची तपासणी करता येते. मांडीवरच्या बाळाला रोज गोळ्या, लसी, भरपूर पाणी. ताप आला की लगेच इथे आणायचं. पुरतं बरं व्हायला अस्थिमज्जा बदलावी लागते, तीही कुणाची जुळली तर."

"तपासणी नको बाई," दोघी प्रथमच एका सुरात बोलल्या. "देवाच्या मनात असेल तसं होईल."

"देवाला मधे ओढू नका," बाळाची आई म्हणाली. "तो कनवाळू आहे. कार्डं त्यानं नाही लपवली." मग डॉक्टरीणबाईंकडे वळली, "तारीख द्या."

"मीही येतो," नवरा म्हणाला.

"ये. आपण दोघंच."

बाळ पुन्हा कळवळलं. दोन्ही आज्यांनी हात पुढे केले. तिनं ते कुणाकडेच दिलं नाही.