मुंडकं बेटावर, धड कुंपणाखाली

मी बोलतोय. कोणत्या तोंडाने, ते मागाहून सांगतो. मी बाळ येशूचा पुतळा. प्लास्टरचा, हातभर उंच, लाल झग्याचा. आमच्या आयर्लंडच्या खेड्यात लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मला कुंपणाखाली ठेवतात, म्हणजे पाऊस पडत नाही. त्यातही ज्याचं मुंडकं उडालंय तो पुतळा जास्त गुणाचा. पण ते आपोआप उडायला हवं. मुद्दाम उडवलं तर उलटंच होतं.

माझं शाबूत होतं. घराण्याला केवढी लाज!

आमच्या घरच्या डिम्फनाचं लग्न ठरलं समोरच्या बेटावरच्या कोलमनशी, उपासाचे दिवस लागायच्या आदल्या मंगळवारी. उपासात आमच्याकडे लग्नं होत नाहीत. वादळात त्याची होडी अडकली, तर थेट ईस्टरपर्यंत थांबा. आणि सोमवारी तर आभाळच फाटलं.

"मुंडकं धडावर ठेवून पाऊस थांबतो होय!" फेस्टसमामा म्हणाला.

"दादा, हात लावशील तर याद राख!" डिम्फनाची आई होनोर ओरडली. मग हळूच म्हणाली, "बोकड जरा इकडे बांधतोस? सहज आपलं."

बोकडाने माझं नाक प्रेमाने चाटलं. मग मामा जड बूट घालून माझ्याशेजारी नाचला. बोकड दावं तोडून पळाला, मामा चिखलात बसला, मी आपला ताठ.

"मेल्या, पड की!" होनोर मला म्हणाली, आणि घाबरून लगेच छातीवर क्रूस काढला.

मंगळवारी सकाळी डिम्फना आली, लग्नाच्या पोशाखावर पोतं पांघरून. "बाळा, तुझं डोकं राहू दे जागेवर. मला फक्त तो यायला हवाय."

माझ्या डोक्याची काळजी करणारं हे पहिलंच माणूस.

तेवढ्यात पाऊस थांबला. ऊन पडलं, लाटांवर होडी दिसली. "आला गं आई, आला!" करत पोरगी धावली, तिची लाथ बसली, आणि माझं मुंडकं डबक्यात!

"बघितलंस दादा? मुंडकं उडालं नि पाऊस थांबला!" होनोर नाचायला लागली. आधी काय, मग काय, कोण विचारतो?

मुंडकं डिम्फनाने बेटावर नेलं. तिच्या चुलीवरच्या फळीवरून ते तिचा संसार बघतं, आणि त्याच तोंडाने मी बोलतोय. धड मात्र खेड्यातच लग्नालग्नांतून उसनं फिरतं.

उद्या फेस्टसमामाचं लग्न आहे, या वयात! पाऊस धो धो पडतोय, थेट माझ्या गळ्यातून पोटात. उडवायला मुंडकं उरलं नाही, म्हणून मामा मघापासून माझ्या हातांकडे बघत होता. आता बोकड आणायला गेलाय.

डिम्फना, पोरी, होडी काढ!