गच्चीवरचा कान

मित्रांनो, विमानतळाजवळच्या एका घराच्या गच्चीवर, खांबाला बांधलेला मी एक जुना आवाजमापक आहे. आवाज किती मोठा ते मोजायचं आणि तो जपून ठेवायचा, हेच माझं काम. कारखान्यात माझ्या माइकवर स्पंजची गोल टोपी चढवली, तेव्हा मी मनातून किती मिरवलो होतो!

मला इथे लावलं ते या घरच्या मुलाने. तो विमानांचे उड्डाणमार्ग आखतो. तेव्हा उडालेलं प्रत्येक विमान याच छपरावरून जाई आणि खाली त्याची थकलेली आई झोपेतून दचकून उठे.

"आई, विमानं जरा लवकर वळवली आणि मध्ये न रेंगाळता वर चढवली, तर नदीवरून जातील. इंधनही वाचेल. पण आधी मोजून दाखवावं लागतं."

"मोज बाबा. माझा डोळा लागेल तेव्हा खरं!"

संध्याकाळी ती वाळलेले कपडे काढायला वर येई. देवाचं नाव घेत घड्या घाली आणि माझ्याशी बोले. "काय रे टोपीवाल्या, त्याला सांग, दोन घास वेळेवर खा म्हणावं. आईचं ऐकत नाही, तुझं तरी ऐकेल."

हिशेबात फक्त विमानांचा आवाज धरायचा असतो. म्हणून तो रोज माझी साठवण साफ करी. कावळे पुसले जात, कुकरच्या शिट्ट्या पुसल्या जात, आणि आईसुद्धा.

"आजही बोललीस ना त्याच्याशी? किती पुसायचं तुझं!" तो जिन्यातून हसत ओरडे.

"पूस, पूस. उद्या परत बोलेन."

नवा मार्ग मंजूर झाला. कचेरीत त्याचं कौतुक झालं. विमानं दूर नदीवरून वळू लागली आणि आईला गाढ झोप लागू लागली. "देवाने ऐकलं रे," असं तिने वर येऊन मला सांगितलं. पण माझं काम संपलं म्हणून माझी वायर तेव्हा काढलेली होती. ते बोल मला साठवता आले नाहीत.

मग एका सकाळी तिला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, वाचा गेली.

तो धावत वर आला. माझी वायर जोडून जुनं सगळं ऐकत बसला. विमान. विमान. पुन्हा विमान.

"एखादा तरी शब्द राहिला असेल रे," तो मला म्हणाला. माझ्याशी तो पहिल्यांदाच बोलत होता. पण त्याने काम फार नीट केलं होतं. काहीच राहिलं नव्हतं.

आता तो तिच्या उशाशी बसतो. तिचे ओठ हलतात, तो कान जवळ नेतो. घरात टाचणी पडली तरी ऐकू येईल इतकी शांतता असते.

मित्रांनो, तुमच्या कामात आई मध्येच बोलली, तर हातातलं क्षणभर बाजूला ठेवा. तिला म्हणा, "बोल."