श्यामकांतच्या नावाची मेल

श्यामकांत मार्चमध्ये ऑफिसात बसल्या जागी गेला. ऑक्टोबरातल्या एका रविवारी त्याच्या बहिणीचा, भानुमतीचा, गाझियाबादहून फोन आला.

"वहिनी, दादाची मेल आलीय. आत्ता. 'भानू, फोटो पाठवतोय' म्हणून. खाली फाइल आहे."

"उघडू नकोस," एवढंच वैजयंतीला सुचलं.

लेकीने, अक्षयाने, वडिलांचा कॉम्प्युटर लावला. फरीदाबादच्या त्या घरात आता तो फक्त वैजयंतीच वापरायची. "आई, तू कुठली फाइल उघडलीस?"

"परवा एक आली होती, ऑफिसच्या सर्क्युलरसारखी."

"वर्म आहे यार, आपोआप पसरणारा व्हायरस. सगळीकडे गेलाय. बाबांच्या जुन्या मेलमधली वाक्यं उचलून ओळखीच्यांना पाठवतोय. आणि अपडेट तर दोन वर्षांत झालेलं नाही!"

इतक्यात वैजयंतीचा मोबाइल वाजला. श्यामकांतचं नाव, आणि एकच ओळ : वैजू, जेवलीस का?

सगळं कळत असूनही तिच्या तोंडून "हो" निघून गेलं.

अक्षयाने दचकून आईकडे पाहिलं आणि इंटरनेटची वायर उपटली. फोटो आधीच दुसरीकडे ठेवलेले होते. बाकी सगळं पुसायचं ठरलं. ते बटण वैजयंतीने स्वतः दाबलं. मग नवीन पासवर्ड, सगळे अपडेट. चार वाजता अक्षया म्हणाली, "चलो, झालं साफ."

पाचला भानुमतीचा पुन्हा फोन.

"वहिनी, आणखी एक आलीय. नाव दादाचं, पण पत्ता विनायकचा."

विनायक म्हणजे श्यामकांतचा मामेभाऊ. श्यामकांतच्या नावाने आलेली तसलीच फाइल त्याने सकाळीच उघडली होती. अक्षया हळूच म्हणाली, "इथून गेलेलं आता त्यांच्याकडून फिरणार, आई."

"मजकूर वाच," वैजयंती म्हणाली.

"'भानू, डॉक्टर म्हणतात हृदय फार थकलंय. वैजूला सांगायचा धीर होत नाही. तू'... इथेच तुटलंय. खाली बारा जानेवारी. वहिनी, शपथ, ही मला तेव्हा आलीच नव्हती."

लिहून ठेवलेली, न पाठवलेली. दोन महिने तो शेजारी बसून जेवत होता.

वैजयंतीने भानुमतीला एकेक सांगितलं : फाइलला हात लावू नकोस, वायर काढ, विनायकला कळव.

"आणि ही मेल? पुसून टाकू?"

"थांब," वैजयंती म्हणाली. "आधी पुन्हा एकदा वाच."