शेअरच्या कागदाची मागची बाजू

गुरुवारी दुपारी पुलगावच्या धर्मशाळेत पाय ठेवायला जागा नसायची. गिरणीची पाळी सुटली की माणसं घरी जेवायला न जाता थेट यादीवाल्या महाराजांकडे येत. हे महाराज अंगारा देत नसत की भूत उतरवत नसत. साल १९८६ होतं, आणि भुतापेक्षा शेअरचा बोलबाला जास्त होता. महाराज डोळे मिटायचे, घुमायचे आणि सुवर्णदीप बँकेचे शेअर मुंबईच्या कोणत्या बड्या पेढीनं किती उचलले ते आकड्यानिशी सांगायचे. जूनमध्ये त्यांनी असंच सांगितलं आणि आठ दिवसांनी बँकेचा छापील अहवाल टपालानं गावातल्या एका जुन्या भागधारकाकडे आला. मोठ्या भागधारकांच्या यादीत तोच आकडा! गाव खुळावलं ते तेव्हापासून.

शेअर मिळायचे महाराजांचे मुंबईहून आलेले शिष्य प्रेमदास यांच्याकडे. नावावर होऊन आलेला कागद लोक काचेत मढवून देव्हाऱ्यात ठेवत, त्याला हळदकुंकू वाहत. मढवायला तो यायचा चिंधूच्या फ्रेमच्या दुकानात. चिंधूची चांदी होती. तरी गेले चार दिवस त्याला अन्न गोड लागत नव्हतं.

कारण घरचंच होतं. त्याची थोरली बहीण देवकाबाई. तिचे यजमान रूपराव गिरणीच्या गेटवर तीस वर्षं पास तपासून निवृत्त झाले होते. फंडाच्या चौथाईचे शेअर त्यांनी आधीच घेतले होते, आणि उरलेला सगळा फंड आज प्रेमदासच्या हाती जाणार होता.

"तू बोल ना रे त्याहिले," देवकाबाई रडकुंडीला आली होती. "माह्यं ते ऐकत नाई. म्हातारपणी कोणाच्या दारात उभं राहावं आम्ही?"

चिंधूला बोलायचं होतं, पण भीती वाटत होती. महाराजांवर शंका घेणाऱ्याचं वाटोळं होतं, असं गावात बोललं जाई. आणि पोटावर पाय येणार होता तो निराळाच. पण फ्रेम करताना त्यानं एक गोष्ट पाहिली होती, जी गावात दुसऱ्या कुणी पाहिली नव्हती. कागदाच्या मागे तक्ता असतो. शेअर ज्याच्या ज्याच्या नावावर गेला, त्याचं नाव तारखेसह तिथं ओळीनं चढतं. चिंधूला इंग्रजी येत नव्हतं, पण डोळे होते. गावातल्या प्रत्येक कागदावर गिऱ्हाइकाच्या नावाच्या अगदी वरच्या ओळीत एकसारखीच अक्षरं होती. काल त्यानं तीन कागद शाळेच्या मंदाबाई मास्तरीणबाईंना दाखवले. त्यांनी वाचलेलं नाव चिंधूनं घोकून ठेवलं.

धर्मशाळेत महाराज रंगात आले होते.

"दिसून राह्यलं! चंद्रोदय फायनान्स! दोन वर्षांमागं चाळीस हजार शेअर, आता एक लाख! मुंबईचा हत्ती पाणी पिऊन राह्यला बच्चा, तळं आटायच्या आत तू बी ओंजळ भर!"

रूपराव पैशांची पिशवी घेऊन उठले. चिंधू त्यांच्या आडवा उभा राहिला.

"भाऊजी, थांबा. चंद्रोदय घेऊन राह्यला, तर मंग तुमाले इकलं कोणं?"

"काय बरळतं बे?"

"कागद उलटा करून पाहा. तुमच्या नावाच्या वर नाव चंद्रोदयचंच हाय!"

महाराजांनी डोळे वटारले. "उलटा कागद पाहील, त्याच्या घरातून लक्ष्मी उलट्या पावली जाईल!"

गर्दी चिंधूवर धावून आली. कुणीतरी त्याची कॉलर धरली. तेवढ्यात देवकाबाई पुढे आली. पदराखालून तिनं देव्हाऱ्यातली फ्रेम काढली आणि नवऱ्यापुढे धरली.

"जायची तर जाऊ द्या लक्ष्मी. पण पाहून जाऊ द्या."

चिंधूची कॉलर धरलेला हात सुटला. फ्रेमचे खिळे रूपरावांनी किल्लीनं उचकटले आणि मागचा पुठ्ठा काढला. पासावरची इंग्रजी नावं त्यांनी जन्मभर वाचली होती. त्यांनी बोट ठेवून वाचलं, पुन्हा वाचलं आणि ते खालीच बसले.

"चंद्रोदय फायनान्स," ते पुटपुटले. "त्याच्याखाली मी."

लगेच लोकांनी चिंधूच्या दुकानातले आणि आपल्या घरातले कागद आणून पाहिले. सगळ्यांची तीच गत.

"पण यादी तर खरी निघाली होती!" एक जण म्हणाला.

मंदाबाई अहवाल घेऊनच आल्या होत्या. "यादी खरीच आहे. पण खाली तारीख वाचा. एकतीस डिसेंबर. त्या दिवशी चंद्रोदयकडे एक लाख होते. जानेवारीपासून ते विकत सुटले, भाव उतरायच्या आत. गिऱ्हाईक हवं होतं, ते या दोघांनी इथं मिळवून दिलं." मग त्या प्रेमदासकडे वळल्या. "तुमच्या नावावर एखादा तरी शेअर असेल ना? मग मुंबईच्या पत्त्यावर हा अहवाल तुम्हालाही येत असेल, आमच्या आधी?"

"येते ना, आठ दिवस आधीच," प्रेमदास बोलून गेला, आणि महाराजांनी त्याच्याकडे असं पाहिलं की उरलेलं सांगायची गरजच राहिली नाही.

मुंबईच्या गाडीनं दोघे पळणार होते, पण लोकांनी त्यांना स्टेशनात शिरू दिलं नाही. पोलिसांनी नेलं. शेअरचा भाव मात्र कोसळला आणि घेतलेल्या शेअरचे पैसे कुणाचेच परत आले नाहीत. रूपरावांची चौथाईही बुडाली. उरलेला फंड वाचला.

मोठी माणसं काय घेतात ते पाहून चालायला हरकत नाही, पण दैवी चमत्कार म्हणून नव्हे. यादी पुढे आली की आधी तारीख विचारा, कारण यादी कालची असते आणि पैसा तुमचा आजचा जातो. बाजारात प्रत्येक घेणाऱ्यासमोर एक विकणारा असतो. तो कोण आणि का विकतो, एवढं विचारायला ना मंत्र लागतो, ना महाराज.