तारेतला रोमांच

मित्रांनो, लोधीपुऱ्यातल्या चुडामणबुवांच्या बैठकीत खुंटीला टांगलेली असायची ती जुनी गिटार मीच. आता जे सांगते आहे ते मला तेव्हाच ओरडून सांगायचं होतं. पण वाद्याला कोणी वाजवल्याशिवाय बोलता येत नाही, आणि वाजवलं की लोक फक्त सूर ऐकतात.

माझा जन्म कारखान्यातला. पिवळसर लाकडाचं अंग, पोलादाच्या सहा तारा आणि पोटात आवाज टिपणारं एक छोटं यंत्र. वायर जोडली की माझा आवाज स्पीकरमधून मोठा होऊन निघतो. बुवांच्या धाकट्या मुलाने, यादवने, मला इंदूरहून हौसेने आणलं. दोन वर्षं खाटेवर बसून त्याने मला वाजवलं. मग त्याला पुण्याला नोकरी लागली आणि मी कपाटामागे गेले.

त्याच वर्षी बुवांच्या पत्नी मनकर्णाबाई गेल्या. कीर्तनात त्या बुवांच्या मागे बसून तंबोरा धरायच्या. तो तंबोरा दुसऱ्याच्या मांडीवर बुवांना बघवेना. एके दिवशी त्यांनी मला बाहेर काढलं, माझ्या तारा षड्ज-पंचमात लावल्या आणि गळ्यात अडकवून कीर्तनाला उभे राहिले.

"बुवा, आता मारुतीच्या देवळात डिस्को का?" लाउडस्पीकरवाला कडू हसला. पण आख्यान रंगलं तसा तोही डोळे पुसू लागला. पुढच्या कीर्तनाला त्याने बुधवाऱ्यातल्या आपल्या दुकानातून माझ्यासाठी जुना ॲम्प्लिफायर आणला, अगदी फुकट. त्याच्या पिनेला तीन पाय होते. देवळाच्या बोर्डात ती बसेना. कडूने पक्कड काढली आणि वरचा जाड पाय कापून टाकला.

"बसली की नाही?" तो म्हणाला.

बसली. आणि त्या घडीपासून माझ्या तारांत काहीतरी राहायला आलं.

बुवांचा एक नेम होता. नारदांच्या गादीवर, म्हणजे कीर्तनाच्या जागी, उभं राहायचं ते अनवाणी, पायांखाली साधी सतरंजीसुद्धा नको. कीर्तनाआधी फरशी धुतलेली असायची. ओल्या फरशीवर अनवाणी बुवा, हातात मी. त्यांनी तारेला बोट लावलं आणि त्यांच्या हातावरचे केस उभे राहिले. घरी येऊन थोरल्या सुनेला, सुलभाला, ते म्हणाले, "सुलभा, आज देव बोटांत उतरला गं. तुझ्या सासूबाई गेल्यापासून मी कोरडाच होतो. आज अंगावर रोमांच उभे राहिले."

मला ठाऊक होतं तो कोण आला होता. पण बुवांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून मलाही क्षणभर वाटलं, असेल बाई, देवच असेल.

मग एका एकादशीला गाता गाता बुवांचे ओठ माईकला लागले. ते मागे फेकले गेले आणि निपचित पडले. टाळ थांबले. कोणीतरी म्हणालं, "समाधी लागली!" बुवा शुद्धीवर आले तेव्हा लोक रांगेने त्यांच्या पाया पडत होते. माझ्यावरही हार घातला. मित्रांनो, तो हार मला फार जड झाला.

पुढे गुडघ्यांनी दगा दिला. डॉक्टरांनी उभं राहायला मनाई केली आणि कीर्तनं सुटली. यादव फोनवर म्हणाला, "आबा, पडून खराब होईल. ऑनलाइन विकून टाका ना." बुवांनी एकच अट घातली. मी भजनातच गेले पाहिजे.

सुलभाने माझे चार फोटो काढले, ॲम्प्लिफायरसकट, आणि खाली लिहिलं, 'कीर्तनसेवेतली गिटार. भजनी मंडळालाच द्यायची आहे. काहीही खराबी नाही.' ते तिने मनापासून लिहिलं होतं. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

उत्तरं आली. 'दीदी, लास्ट प्राइस?' 'एक्सचेंज में मोबाइल लोगे?' एकाने तर विचारलं, 'देव प्रसन्न होण्याची गॅरंटी आहे का?' शेवटी जैनाबादचे केळीवाले कौतिकराव आपल्या पत्नीला, मालूबाईंना, घेऊन दुपारी आले. खाटेवर मांडी घालून बसले. वायर जोडली, बटण दाबलं आणि त्यांनी मला छेडलं. त्यांचे पाय जमिनीला नव्हते. त्यांना काहीच जाणवलं नाही.

"आवाज तं एकदम बढिया आहे, बुवा," ते म्हणाले. "रविवारी तापीच्या घाटावर आमचं भजन आहे. नदीत डुबकी मारायची अन् ओलेत्यानेच उभं राहून गायचं, अशी आमच्या मंडळाची रीत. पहिला मान माझा."

ओले कपडे, ओली वाळू, हातात मी आणि ओठांशी माईक. माझ्या तारा ताणलेल्याच असतात. त्या दिवशी त्या तुटतील असं वाटलं.

बुवा पुढे सरकले. "कौतिकराव, गुपित सांगतो. खाटेवर काही कळणार नाही. अनवाणी उभे राहा, जमीन ओली असली तर उत्तमच. मग बोट लावा. सर्वांगावर काटा येतो."

मालूबाईंनी मला हात जोडले. "आमच्या यांना तं भजनात नुसत्या जांभया येतात, बुवा. काटा आला तं बरंच होईल."

चहा घेऊन आलेली सुलभा दारातच थांबली. अनवाणी. ओली जमीन. गेल्या पावसाळ्यात फ्रिजच्या दांड्याला हात लावला तेव्हा तिचा हात असाच झिणझिणला होता. मिस्त्री म्हणाला होता, "अर्थिंग नाही, वहिनी. चप्पल घालून हात लावत जा." तिची नजर भिंतीवरच्या बोर्डाकडे गेली. पिनेचे दोन पाय आत, तिसऱ्याचं, अर्थिंगच्या जाड पायाचं, थोटूक बाहेर.

तिने सासऱ्यांकडे पाहिलं. सासूबाई गेल्यापासून त्या रोमांचाशिवाय त्यांच्याकडे दुसरं होतं काय? गप्प राहिली असती तर चहा संपेपर्यंत मी घराबाहेर गेले असते.

तिने कप खाली ठेवले, पायात चपला सरकवल्या आणि खणातून टेस्टर आणला. "कौतिकभाऊ, हात काढा. गिटार गादीवर ठेवा."

"देवाला टेस्टर लावतेस, सुलभा?" बुवा कळवळून म्हणाले.

"देवाला नाही, आबा. तारेला."

टेस्टरमधला दिवा लाल झाला.

कौतिकराव अंग चोरून भिंतीला टेकले. मालूबाईंचे हात जोडलेलेच राहिले. सुलभाने बटण बंद करून पिन उपसली आणि सासऱ्यांच्या पायाशी बसली. ती रडत होती.

"म्हणजे मी पडलो ती समाधी..." बुवांनी पिनेचं थोटूक हातात घेऊन पाहिलं. मग त्यांची नजर कौतिकरावांवर स्थिरावली. "आणि रविवारी हे घाटावर ओले उभे राहिले असते. माझ्याच तोंडच्या उपदेशाने."

त्यांनी कडूला फोन लावायला सांगितलं. सुलभाने विचारलं, "कडूभाऊ, पिनेचा जाड पाय तुम्ही अजून कुठे कुठे कापला आहे?"

"सगळ्यांचाच कापतो ना, वहिनी!" कडूचा हसरा आवाज आला. "बोर्डात बसतच नाही तो. का हो? आज तीन ठिकाणी सप्ता बसलाय, माईक लावूनच येतोय."

"आत्ताच्या आत्ता सगळे बंद करा. पाया पडते."

"चालू भजनात कसं बंद करू? लोक मारतील मला."

बुवा उठले. सहा महिन्यांत आधाराशिवाय उठले नव्हते. "देव बोलावतो म्हणून आजवर कीर्तनाला जायचो," ते म्हणाले. "आज न बोलावता जातो. कौतिकराव, मोटारसायकल काढा."

मी विकले गेले ते ॲम्प्लिफायरशिवाय, पुढच्या आठवड्यात. आता जैनाबादला विनावायरीची वाजते, आवाज घाटाच्या तीन पायऱ्यांपलीकडे जात नाही. पण मित्रांनो, त्या दुपारी मी खाटेवर पडून होते आणि दूर कुठेतरी लाउडस्पीकरवर नामाचा गजर चालला होता. तो मध्येच थांबला. बुवा वेळेवर पोचले म्हणून थांबला की आणखी कशाने, हे कळायला मला तिन्हीसांज झाली. तेवढा वेळ सुलभा आणि मालूबाई माझ्याशेजारी हात जोडून बसून होत्या. बुवा तिन्ही ठिकाणी वेळेवर पोचले होते.

तुमच्या घरात, तुमच्या देवळात जे वाद्य, जे यंत्र असेल त्याला माझ्यासारखंच बोलता येत नाही. भक्तीने त्याच्या पाया पडा, पण आधी त्याची वायर बघा. आणि दुसऱ्याच्या हाती देताना त्याचं खोटं-खरं सगळं सांगून द्या, मग भले त्याने आपलंच मन मोडो.