वशिला चालत नाही तिथे

“रौशान अपाय, नवं औषध कुणाला द्यायचं ते तुम्ही नाणं उडवून ठरवता का?”

विचारलं एकदाचं! माझ्या मैत्रिणींनी, दिलनाझ आणि कम्शातनं, फोनवर पैज लावली होती की डॉक्टरांसमोर माझी बोबडी वळणार. पूर्वी वळलीही असती. पण हाडाचा कॅन्सर उलटला, केस पुन्हा गेले, आणि त्यांच्याबरोबर माझी भीडही गेली बहुतेक.

अपाय, म्हणजे आमच्या डॉक्टर ताई, हसल्या. “नाणं संगणक उडवतो. नेहमीची औषधं सगळ्यांना. शिवाय निम्म्यांना नवी गोळी आणि निम्म्यांना तश्शीच दिसणारी, पण औषध नसलेली. कुणाला काय मिळालं, ते मलाही कळत नाही.”

“मग निम्म्यांवर अन्यायच की!”

“नवी चांगली हे माहीत असतं तर सगळ्यांनाच दिली असती, अकमारल. मागच्या एका गोळीवर आमचा फार विश्वास होता. तिनं मुलांची हृदयं अधू केली.”

बाबांनी सगळं मान डोलावत ऐकलं आणि टेबलावर हातभर लांब कझी ठेवली, घोड्याच्या मांसाचं सॉसेज, खास गावाकडचं. “अपाय, आमच्या पोरीला तेवढं चांगल्या निम्म्यात घाला.”

अपायनी कझी आईच्या पिशवीत परत सारली. “चाचणीचे कागद नीट वाचा. तुमची सही लागेल आणि हिचीही. उद्या सांगा.”

व्हरांड्यात बाबा कुजबुजले, “औषधांच्या गोदामात आपला बेर्दिबेक आहे. कुठल्या डब्यात काय, ते तो बघेल. हिचा डबा बदलून देईल.”

खरं सांगते, मला हायसं वाटलं. अल्माटीत माझा शाळेतला प्रवेशसुद्धा असाच एका काकांच्या फोनवर झालेला! खोलीत गेल्या गेल्या मी उलझानला सांगून टाकलं. ती शेजारच्या खाटेवरची, माझ्याच आजाराची, त्याच चाचणीतली.

तिनं सूप ढवळत विचारलं, “मग तुझा डबा कुणाला जाईल?”

टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

“मला काय माहीत!”

“मला आला तर सांग हं. आमचं तिथे कुणी नाही,” म्हणाली आणि भाकरीचा मोठा तुकडा मला दिला.

भाकरी चघळता चघळता मी हिशेब मांडू लागले. वशिलेवाले सगळे एका बाजूला गेले, तर शेवटी मोजणार काय? गोळीचा गुण की काकांचा? आणि तो खोटा आकडा पुढच्या वर्षीच्या मुली गिळणार. शिवाय ‘चांगला’ डबाच वाईट निघाला तर?

दुपारी आई दुधाचा चहा घेऊन आली. मागून बाबा, फोन हातात.

“बाबा, तो फोन ठेवा आधी.”

“बघा, आता ही मला शिकवणार!”

“ऐकून तर घे, उंटाच्या पिल्ला,” आई लाडानं मला म्हणाली. “जिवाचा प्रश्न आहे.”

“माझ्याच ना? मग ऐका. मी सही करणार आहे. संगणक देईल तोच डबा घेणार. बेर्दिबेककाकांना फोन गेला, तर मी चाचणीत नाही, आणि का नाही ते अपायना मीच सांगेन.”